साखळीपासून झोन ४३ पर्यंत : नगरच्या जमिनीच्या आकड्यांचा मागोवा

मोजणी झाल्यावर भूमि अभिलेख कार्यालयातून हल्ली जी 'क' प्रत हातात पडते, तिच्यावर हद्दीच्या खुणांचे अक्षांश-रेखांश येऊ लागले आहेत. त्याच शेताचा सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो. बांधावर उभा असलेला शेतकरी गुंठ्यांत बोलतो, आणि कार्यालयाच्या कपाटातलं जुनं टिपण साखळ्या-आण्यांत. जमीन एकच, हिशेब चार. या चौघांचा मेळ नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये एका छोट्या पायरीवर घातला जातो: अंशांतले आकडे मीटरच्या चौकटीत, म्हणजे ग्रिडमध्ये, उतरवून घेणे. पायरी एका क्लिकची आहे, पण तिच्यामागे दोनशे वर्षांहून मोठा पसारा आहे.

अहिल्यानगर शहरातला, म्हणजे लोकांच्या तोंडी अजूनही 'नगर'मधला, एक बिंदू घेऊ: १९.०९ अंश उत्तर, ७४.७४ अंश पूर्व. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये तो टाकून 'डब्ल्यूजीएस ८४ / यूटीएम झोन ४३ उत्तर' हे ग्रिड निवडलं की दोन नवे आकडे मिळतात. पूर्वेचा सुमारे ४,७२,६५० मीटर, उत्तरेचा सुमारे २१,१०,८०० मीटर. दुसरा लगेच उमगतो, कारण विषुववृत्तापासून नगर साधारण एकवीसशे किलोमीटरांवर आहे. पहिला मात्र चकवतो. पावणेपाच लाख मीटर कुठून मोजले? समुद्रापासून? मुंबईपासून? दोन्ही नाही. नगरच्या पश्चिमेला तेवढ्या अंतरावर कसलीही खूण नाही, अरबी समुद्राचं पाणी आहे. तरीही हा आकडा बरोबर आहे. तो कुठून आला ते पाहायचं तर आधी अंशांनी शेत का मोजता येत नाही ते पाहायला हवं.

अंशांत शेत मावत नाही

अंश हा कोन आहे, लांबी नव्हे. नगरच्या अक्षांशावर उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे सुमारे ११०.७ किलोमीटर, पण पूर्व-पश्चिम एक अंश म्हणजे सुमारे १०५.२ किलोमीटर. रेखावृत्तं ध्रुवाकडे जवळ येत जातात, म्हणून हा दुसरा आकडा जिल्ह्याच्या आतही सारखा राहत नाही. दक्षिणेकडच्या जामखेडला रेखांशाचा एक अंश जेवढा भरतो, त्यापेक्षा उत्तरेकडच्या कोपरगावला तो सुमारे सातशे मीटरांनी कमी भरतो.

आता अंशाच्या हजाराव्या भागाएवढी लांबी आणि तेवढीच रुंदी असलेलं शेत कल्पा. आकड्यांवरून ते चौरस वाटेल. जमिनीवर मात्र ते १०५ मीटर रुंद आणि जवळजवळ १११ मीटर लांब असेल. क्षेत्र भरेल १ हेक्टर १६ आर. अंशांतच गुणाकार केला तर उत्तर येईल ०.०००००१, आणि या आकड्यावर ना शेतसारा बसतो ना वाटणी होते. नव्याने जीआयएस शिकणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या पडद्यावर असलं क्षेत्रफळ एकदा तरी येतंच. शेताला लांबी लागते, आणि लांबीसाठी सपाट चौकट लागते. ही गरज संगणकाच्या कितीतरी आधीची आहे.

प्रत्येक शेताचा आपला शून्य

या मुलखात जमाबंदीची गोष्ट निघाली की निजामशाहीचा वजीर मलिक अंबर आठवतो. १६२६ मध्ये तो वारला, पण त्याच्या महसुलाच्या पद्धतीचं नाव पुढेही निघत राहिलं. शिवकाळात अण्णाजी दत्तोंच्या देखरेखीखाली जमीन मोजली गेली ती काठीने. पाच हात आणि पाच मुठींची एक काठी, वीस चौरस काठ्यांचा एक पांड, वीस पांडांचा एक बिघा आणि एकशे वीस बिघ्यांचा एक चावर. मोजमाप पक्कं होतं, पण ते जमिनीच्या आकाराचं नव्हतं, क्षेत्राचं होतं. शेत किती आहे हे दप्तरात सापडे. शेताचा कोपरा नेमका कुठे आहे हे गावाच्या आठवणीत राही.

कंपनी सरकारला ही आठवण कागदावर हवी होती. पुणे भागात प्रिंगल यांनी केलेली पहिली पाहणी फसली. मग १८३५-३६ च्या सुमाराला इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी नव्याने सुरुवात केली. १८४७ च्या संयुक्त अहवालाने त्यांची पद्धत मुंबई इलाख्यासाठी पक्की केली. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर, कसाप्रमाणे प्रतवारी आणि तीस वर्षांसाठी ठरलेला आकार, म्हणजे सारा. १८४० च्या दशकाच्या अखेरीपासून ही मोजणी नगर जिल्ह्यात फिरू लागली.

मोजणीची हत्यारं दोनच, शंकू आणि साखळी. इंग्लंडात एडमंड गंटरने १६२० मध्ये सुरू केलेली साखळी ६६ फुटांची होती. मुंबई इलाख्यात तिच्या निम्मी, ३३ फुटांची साखळी चालली आणि तिचे सोळा आणे पाडले गेले. या ३३ मध्ये मोठी सोय होती. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे १,०८९ चौरस फूट, तो एक गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे ४३,५६० चौरस फूट, नेमका एक एकर. चौरस साखळी मोजली की गुंठा तयार, मध्ये कसलंही रूपांतर नाही.

टिपण कसं होई ते जवळून पाहण्यासारखं आहे. शेताच्या लांबच्या दोन कोपऱ्यांमध्ये एक सरळ रेषा धरायची. तिच्यावरून साखळी टाकत चालायचं. बाजूचा एखादा कोपरा काटकोनात आला की शंकू उभा करून खात्री करायची आणि तिथून त्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर मोजायचं. दोन आकडे लिहायचे: रेषेवर किती चाललो आणि रेषेपासून किती दूर गेलो. समजा रेषा बारा साखळ्यांची आहे आणि कोपरा साडेपाच साखळ्या बाहेर आहे. मग त्या त्रिकोणाचं क्षेत्र बारा गुणिले साडेपाच भागिले दोन, म्हणजे तेहेतीस गुंठे. असे त्रिकोण आणि समलंब चौकोन जोडत गुणाकार बुकात शेताचं क्षेत्र पुरं होई.

रेषेवरचं अंतर आणि रेषेपासूनचं अंतर, या दोन आकड्यांनी कोपरा सांगणं म्हणजेच स्थानिक ग्रिड. सॉफ्टवेअरने दिलेले पूर्वेचे आणि उत्तरेचे आकडे हेच काम करतात. फरक शून्याच्या जागेचा आहे. टिपणाचा शून्य त्याच शेताच्या एका कोपऱ्यावर असतो आणि त्याची दिशा म्हणजे मोजणीदाराने धरलेली रेषा. शेजारच्या शेताचा शून्य वेगळा, रेषा वेगळी. नगर जिल्ह्यात अशी हजारो स्वतंत्र ग्रिडं तयार झाली. त्यांपैकी एकालाही पृथ्वीवर आपण कुठे आहोत याचा पत्ता नव्हता, आणि शेतसारा बसवायला तो लागतही नव्हता.

टिपणांवरून गावचा नकाशा जुळवला जाई. एका इंचाला वीस साखळ्या हे त्याचं नेहमीचं प्रमाण, म्हणजे १ : ७,९२०. शेतांचे आकार एकमेकांना लावत गेलं की कुठे फट राहायची, कुठे एकावर एक यायचं. ती तफावत ड्राफ्ट्समन नजरेने मिटवी. कज्जा उभा राहिला तर नकाशा नव्हे, टिपण काढलं जाई. हा रिवाज आजही आहे.

या आकड्यांनी जमिनीचं व्यवहारातलं रूपही बदललं. नंबर, क्षेत्र आणि आकार ठरलेलं शेत नावावर लागलं, तसं ते गहाण टाकणंही सोपं झालं. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले गेले, त्यामागच्या कारणांत ही नवी सोयही होती. पुढे १९४७ चा तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा आला. त्याने गावोगाव सर्व्हे नंबरांचे गट केले, आणि आता शेतकरी गट नंबरावरून शेत ओळखतो. दशमान पद्धत आल्यावर एकर-गुंठ्यांच्या जागी हेक्टर-आर बसले. गुंठा १०१ चौरस मीटरांचा आणि आर १०० चौरस मीटरांचा, त्यामुळे बोलण्यात दोन्ही बिनबोभाट चालून जातात.

पृथ्वीची मोजणी

शेतं मोजणाऱ्या घराण्याला माहीत नसलेलं एक दुसरं घराणं त्याच काळात वाढत होतं. १० एप्रिल १८०२ रोजी विल्यम लॅम्बटनने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी पायारेषा मोजायला घेतली. ती पायारेषा आणि कोन, एवढ्या बळावर डोंगरामागून डोंगर जोडत त्रिकोणांची माळ उत्तरेकडे सरकत गेली. त्याला शेताशी देणंघेणं नव्हतं. पृथ्वीचा नेमका आकार काय, हा त्याचा प्रश्न होता. हे काम चालू असतानाच २० जानेवारी १८२३ रोजी तो विदर्भात हिंगणघाटला वारला. त्याची कबरही तिथेच आहे.

जॉर्ज एव्हरेस्टने काम पुढे नेलं. पृथ्वी ध्रुवांशी चपटी आहे, पण किती, याचं त्याने १८३० मध्ये गणित मांडलं. तो 'एव्हरेस्टचा लंबगोल' भारतीय नकाशांचा पाया झाला. मध्य प्रदेशात सिरोंजजवळचं कल्याणपूर हे मूळ ठाणं मानून तिथे हा लंबगोल भारताच्या जमिनीला टेकवला. आज उपग्रहांसाठी वापरला जाणारा डब्ल्यूजीएस ८४ चा लंबगोल पृथ्वीच्या वस्तुमानाच्या मध्याभोवती बसवलेला आहे, आणि त्याची विषुववृत्तीय त्रिज्या एव्हरेस्टच्या त्रिज्येपेक्षा सुमारे साडेआठशे मीटरांनी मोठी आहे. एव्हरेस्टचा मध्य पृथ्वीच्या मध्यापासून कित्येकशे मीटर बाजूला पडतो. त्याला त्या मध्याची गरजच नव्हती, त्याचा लंबगोल भारतापुरता नीट बसला की झालं.

याचा परिणाम नगरच्या शेतापर्यंत पोहोचतो. जुन्या टोपोशीटवरून एखाद्या मंदिराचे अक्षांश-रेखांश वाचले आणि तेच आकडे मोबाइलमध्ये टाकले, तर बाण मंदिरापासून शे-सव्वाशे मीटर दूर जाऊन बसतो. टोपोशीट चुकलेली नसते, मोबाइलही नाही. दोघांच्या मनातली पृथ्वी वेगळी आहे. आकडा सांगताना तो कोणत्या लंबगोलावरचा, कुठे टेकवलेल्या, हे सांगावं लागतं. यालाच डेटम म्हणतात.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटांत नगर जिल्हा सगळाच्या सगळा ४७ क्रमांकाच्या पत्रकात येतो. आपला शहरातला बिंदू ४७ आय/१२ मध्ये आहे, कळसूबाईचं शिखर ४७ ई/१० मध्ये. या शीटांवर डोंगर, ओढे, रस्ते आणि गावठाणं आहेत. गट नंबर मात्र नाहीत. गावनकाशावर गट नंबर आहेत, अक्षांश-रेखांश नाहीत. दीडशे वर्षं ही दोन्ही घराणी एकाच मुलखात राहिली आणि त्यांच्यात सोयरीक झाली नाही.

तोफेला लागणारे आकडे

सपाट चौकटीची गरज महसूल खात्याखालोखाल लष्कराला होती. तोफ कुठे आहे आणि निशाण कुठे आहे हे अंशांत ठाऊक असून भागत नाही. अंतर आणि दिशा झटपट काढता यायला हवी. त्यासाठी वाकडी पृथ्वी कागदावर अशी पसरावी लागते की छोट्या भागातले कोन बिघडणार नाहीत. हे करण्याच्या दोन रीती योहान हाइनरिख लाम्बर्ट या गणितज्ञाने १७७२ मध्ये एकाच ग्रंथात मांडल्या. एकीत पृथ्वीवर शंकू बसवायचा, दुसरीत आडवा दंडगोल. भारताच्या वाट्याला आधी पहिली आली आणि नंतर दुसरी.

ब्रिटिश काळातल्या इंडियन ग्रिडने देशाचे आडवे पट्टे पाडले आणि प्रत्येक पट्ट्याला लाम्बर्टचा शंकू दिला. महाराष्ट्राचा बराचसा भाग झोन तीन-ए मध्ये आला. त्याचा मूळ बिंदू १९ अंश उत्तर आणि ८० अंश पूर्व. नगर शहर त्या अक्षांशाच्या अगदी लगत आहे. मूळ बिंदूला शून्य-शून्य म्हटलं असतं तर त्याच्या पश्चिमेचं आणि दक्षिणेचं सगळं ऋण आकड्यांत गेलं असतं, आणि रणांगणावर उणे चिन्ह विसरणं परवडत नाही. म्हणून त्या बिंदूलाच पूर्वेचा आकडा तीस लाख यार्ड आणि उत्तरेचा दहा लाख यार्ड दिला. शून्य कुठेतरी दूर समुद्रात ढकलला. खोटा शून्य मांडण्याची ही युक्ती ग्रिडांच्या घराण्यात कायमची राहिली.

टोपोशीटांच्या ग्रिड छापलेल्या आवृत्त्या लष्करासाठी असत. चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र आणि के. के. रेंजचं सरावक्षेत्र असलेल्या नगरला ग्रिड रेफरन्स हा शब्द नवा नाही, फक्त तो छावणीच्या भिंतीआड राहिला. बाहेरच्या तलाठी-भूकरमापकांच्या दप्तरात साखळीच चालू होती.

जिल्ह्यातून जाणारी पंचाहत्तरावी रेषा

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी लष्कराने लाम्बर्टची दुसरी रीत उचलली. गाउस आणि क्रुगर यांनी तिच्यामागचं गणित मधल्या काळात पक्कं केलं होतं. जगाच्या सहा-सहा अंशांच्या साठ उभ्या फाका पाडल्या आणि प्रत्येक फाकेच्या मधल्या रेखावृत्ताला पूर्वेचा आकडा पाच लाख मीटर दिला. हेच यूटीएम. ७२ ते ७८ अंशांची फाक म्हणजे झोन ४३, तिची मधली रेषा ७५ अंश पूर्व. ही रेषा नगर जिल्ह्यातूनच जाते, कर्जतला जवळजवळ खेटून. पाथर्डी, शेवगाव आणि जामखेड तिच्या पूर्वेला पडतात, जिल्ह्याचा मोठा भाग पश्चिमेला.

सुरुवातीचं कोडं इथे सुटतं. पाच लाखांतून ४,७२,६५० वजा केले की २७,३५० उरतात. नगरचा तो बिंदू ७५ अंशांच्या रेषेपासून सव्वासत्तावीस किलोमीटरांहून थोडा जास्त पश्चिमेला आहे, एवढंच तो आकडा सांगतो. बाकीचे पाच लाख उणे चिन्ह टाळण्यासाठी दिलेले.

जमीन सपाट करण्याची किंमत मात्र मोजावी लागते. फाकेच्या मध्यावर नकाशा मुद्दाम आखूड केलेला असतो, ०.९९९६ पट, म्हणजे कडांना तो फार ताणला जात नाही. त्यामुळे कर्जतजवळ जमिनीवरचे १०० मीटर ग्रिडवर ९९ मीटर ९६ सेंटीमीटर भरतात. मध्यरेषेपासून सुमारे १३५ किलोमीटर पश्चिमेला, कळसूबाईच्या बाजूला, तेच शंभर मीटर ९९ मीटर ९८ सेंटीमीटर होतात. एकाच जिल्ह्यात दोन मापं! शिवाय ही गणितं लंबगोलाच्या पृष्ठभागावरची, आणि नगर शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटर उंच. ती उंची शंभर मीटरांमागे आणखी सेंटीमीटरभर खाते.

हे किरकोळ वाटेल. पण मधल्या रेषेजवळ हेक्टरमागे सुमारे आठ चौरस मीटर कागदावर कमी दिसतात, जुन्या भाषेत आण्याहून, म्हणजे गुंठ्याच्या सोळाव्या भागाहून, थोडे जास्त. शहरात, प्लॉटच्या भावात, आणा मोठा असतो. दिशेचंही तेच. ग्रिडवरची उत्तर फक्त मधल्या रेषेवर खऱ्या उत्तरेशी जुळते. कळसूबाईपाशी दोघींत सुमारे २६ मिनिटांचा कोन पडतो, आणि एक किलोमीटर चाललं की साडेसात मीटरांचा फरक.

मोठ्या कामांना फाकेची कडही आडवी येते. नागपूर झोन ४४ मध्ये आहे, शिर्डी झोन ४३ मध्ये, आणि ७८ अंशांची शीव वर्धा-अमरावतीच्या दरम्यान जाते. २०२२ च्या डिसेंबरात खुल्या झालेल्या समृद्धी महामार्गाच्या नागपूर-शिर्डी टप्प्याने ही शीव ओलांडली आहे. शिवेच्या दोन्ही बाजूंना एकाच रस्त्याचे पूर्वेचे आकडे एकदम वेगळ्या मापातले. लॅम्बटनची कबर त्या शिवेच्या पूर्वेला, झोन ४४ मध्ये येते.

क्लिकच्या मागे

अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यात गेराल्ड एव्हेन्डेन यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ही रूपांतरं करणारा प्रोज नावाचा प्रोग्राम लिहिला. आज क्यूजीआयएससह अनेक सॉफ्टवेअरांच्या पोटात त्याचेच वारस चालतात. प्रत्येक ग्रिडला क्रमांक देण्याचं काम तेल शोधणाऱ्या कंपन्यांच्या युरोपीय सर्वेक्षण गटाने, ईपीएसजीने, केलं. त्या यादीत आपलं झोन ४३ म्हणजे ३२६४३. भारतात २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने सर्वसामान्यांसाठीच्या नकाशांना डब्ल्यूजीएस ८४ आणि यूटीएम दिलं, आणि फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नकाशाविद्येवरची बरीच बंधनं सैल केली. छावणीआडचं ग्रिड गावात यायला एवढा वेळ लागला.

क्लिक सोपा असला तरी चुका ठरलेल्या आहेत. सर्वांत गमतीची म्हणजे अक्षांश-रेखांशांची अदलाबदल. नगरचे आकडे उलटे टाकले, ७४.७४ उत्तर आणि १९.०९ पूर्व, तर बिंदू नॉर्वेच्या उत्तरेला, बेरेंट्स समुद्रातल्या बेअर बेटाजवळच्या पाण्यात पडतो. ही चूक लगेच दिसते, म्हणून ती निरुपद्रवी. दुसरी चूक लपून राहते. फाइलवर ग्रिडचं नाव बदलणं आणि आकडे त्या ग्रिडमध्ये खरोखर फिरवून घेणं, ही दोन वेगळी कामं आहेत. एव्हरेस्टच्या आकड्यांवर नुसतं डब्ल्यूजीएसचं नाव चिकटवलं तर काहीच फिरत नाही. शे-सव्वाशे मीटरांची चूक मात्र नव्या नावाखाली कायम होते, आणि पडद्यावर सगळं व्यवस्थित दिसत राहतं.

सोयरीक

टिपणाचं घराणं आणि पृथ्वीचं घराणं आता एकत्र येत आहेत. गावनकाशा स्कॅन करून त्यावरच्या ओळखीच्या खुणा, म्हणजे शिवेचे दगड, विहिरी, रस्त्यांचे तिठे, यांना रोव्हरने घेतलेले आकडे द्यायचे आणि सगळा नकाशा त्यांवर बसवायचा. रोव्हर म्हणजे काठीवर बसवलेला उपग्रह-ग्राहक. सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॉर्स केंद्रांकडून, म्हणजे कायम चालू असलेल्या उपग्रह-ग्राहक ठाण्यांकडून, मोबाइल नेटवर तो क्षणोक्षणी दुरुस्ती घेतो आणि काही सेंटीमीटरांत जागा सांगतो. इतकी वर्षं नजरेने मिटवलेली गावनकाशातली तफावत या बसवणीत उघडी पडते. इथला बांध दोन मीटर इकडे, तिथला तीन मीटर तिकडे. उपग्रहचित्रावर नकाशा सरकलेला दिसला की लोक सॉफ्टवेअरला दोष देतात. सरकलेलं बहुतेक वेळा १ : ७,९२० च्या कागदावरच असतं. त्या प्रमाणात अर्ध्या मिलिमीटरची पेन्सिलची रेघ जमिनीवर जवळजवळ चार मीटर जागा घेते.

गावठाणाची गोष्ट वेगळी. साखळीने ते मोजलंच नव्हतं, कारण त्यावर शेतसारा नव्हता. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला आणि २०२० पासून स्वामित्व योजनेत ती पद्धत देशभर गेली. ड्रोन उडण्याआधी घरांच्या हद्दींवर चुन्याच्या रेघा मारतात, म्हणजे आकाशातून त्या दिसतात. इथे जुनं टिपण नाही, म्हणून आकडे सुरुवातीपासूनच पृथ्वीच्या घराण्यातले.

बारकाईच्या कामांना यूटीएमचे शंभर मीटरमागे चार सेंटीमीटर चालत नाहीत. मग स्थानिक ग्रिड स्वतः घडवता येतं. नगर शहरासाठी मधली रेषा ७४ अंश ४५ मिनिटांवर धरायची आणि मापनगुणक ०.९९९६ ऐवजी सुमारे १.०००१ ठेवायचा, म्हणजे साडेसहाशे मीटरांची उंची भरून निघते. टेपने मोजलेलं अंतर आणि पडद्यावरचं अंतर मग शहराच्या पसाऱ्यात मिलिमीटरांपर्यंत जुळतं. शून्य जवळ आणायचा आणि माप जमिनीच्या पातळीवर ठेवायचं, एवढंच यात केलेलं असतं. १८४० च्या दशकातला मोजणीदार शेताच्या कोपऱ्यावर साखळीचं टोक ठेवून हेच करत होता.

ज्या अक्षांश-रेखांशांना आपण कायमचे मानतो, ते कायमचे नाहीत. भारताचं भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर ईशान्येकडे सरकतं आहे. पृथ्वीच्या मध्यापासून मोजलेल्या चौकटीत नगरचा प्रत्येक दगड वीस वर्षांत मीटरभर हलतो. म्हणून 'क' प्रतीवरच्या आकड्यांना डेटम आणि ग्रिड यांच्याबरोबर तारीखही लागते. ती नसेल तर दोन पिढ्यांनंतर बांधाच्या जागेवरून नवा वाद उभा करायला हेच अचूक आकडे पुरतील. टिपणाला ही अडचण नाही. त्याचा शून्य शेतातच आहे, शेत सरकलं की तोही बरोबर सरकतो, आणि शेतातली अंतरं तशीच राहतात.

टिपणाची अडचण वेगळी आहे. शेताच्या कोपऱ्यावरचा दगड कोणी उपटला की त्याचा शून्यच हरवतो, आणि तो परत बसवायला उपग्रहाइतकं पक्कं साधन दुसरं नाही. म्हणून रोव्हर आला तरी टिपणं रद्दीत घालू नयेत, आणि टिपणं आहेत म्हणून रोव्हरला हसू नये. भूकरमापकाने दगडाचा आकडा घ्यावा आणि त्याच कागदावर दगडापासून विहिरीचं, बांधाचं, शेजारच्या खुणेचं अंतर मीटरमध्ये लिहावं. पहिल्या आकड्याने दगड सापडेल, दुसऱ्या आकड्यांनी तो योग्य जागी सापडला की नाही ते ठरेल.